प्रकाशाच्या वायरीला पदर लावू नका!

मैत्रिणींनो, गौरी-गणपतीच्या तोंडावर घर झाडायला काढलं की आपला हात कुठं थांबतच नाही. गेल्या वर्षी माळा झाला, फडताळं झाली, आणि माझा हात टीव्हीमागच्या इंटरनेटच्या डबीपर्यंत गेला. तिथंच घोळ झाला!

डबीवर ही एवढी धूळ. मी हिरव्या टोकाची बारीक वायर ओढून काढली, टोकावर फुंकर मारली, पदरानं पुसली आणि परत खोचली. डबीवर लाल दिवा लागला, तो काही केल्या जाईना. दुसऱ्या दिवशी अकराला लेकीची नोकरीची मुलाखत, तीही घरूनच, कॉम्प्युटरवर! बिचारीनं मोबाईलवर कशीबशी उरकली. तीनदा आवाज तुटला. मला ती एका शब्दानं बोलली नाही, पण रात्री माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही.

संध्याकाळी दुरुस्तीवाला मुलगा आला. पेनासारखं एक साधन टोकाला लावून ‘टक’ केलं आणि हसला. “वैनी, तुटल्यालं काय न्हाई. पदराचा धागा बसलाय बगा.”

त्याचं असं आहे, या वायरीतून वीज जात नाही, प्रकाश जातो. काचेच्या तंतूतली त्याची वाट जेमतेम ९ मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भागही नाही. आपला केस ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. तेव्हा डोळ्यांना न दिसणारा कणही तिथं धोंड होऊन बसतो. बोटाचा तेलकटपणा आणि फुंकरीतली वाफ यांचाही थर जमतो. दोन टोकं एकमेकांना भिडत असल्यानं एकाची घाण दुसऱ्याला लागते, चरेही पडतात.

म्हणून एवढं पाळा:

* ही वायर काढूच नका. बटण बंद करून, प्लग काढून डबी बाहेरून कोरड्या मऊ ब्रशनं झाडा.
* वायर निघालीच तर टोकाला बोट लावू नका, टोपण असेल तर लगेच घाला. आत डोकावू नका. तो प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला अपाय करू शकतो.
* टोक साफ करायचं काम दुरुस्तीवाल्याचं. त्याच्या पेनात कोरडी फीत असते, दर दाबाला नवा भाग पुढं येतो.
* वायरीचं वळण बांगडीपेक्षा लहान नको. डबीवर क्रोशाचा रुमालही नको, आतली उष्णता कोंडते.

टीव्हीचा पडदा बंद करून कोरड्या मऊ कापडानं पुसा. नेलपॉलिश काढायचं औषध कशालाच लावू नका, प्लॅस्टिक विरघळतं. भिजलेला मोबाईल तांदळाच्या डब्यात ठेवायची सवयही सोडा. तांदळाची पूड आत जाते. तो बंद करा, चार्जिंगला लावू नका, वाऱ्यावर ठेवा.

आणि आपल्या कोल्हापूरकरणींसाठी खास. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ च्या जुलैत पुन्हा महापूर आला. बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशाऱ्याची पातळी आणि ४३ फूट धोक्याची. पुराच्या पट्ट्यात राहत असाल तर ३९ चा आकडा कानावर येताच मेन स्विच बंद करा आणि विजेच्या वस्तू वर हलवा. पुरात बुडालेली वस्तू वरून वाळली तरी आत गाळ आणि ओल राहते. मेकॅनिकला दाखवल्याशिवाय बटण दाबू नका.

लेकीला पुढं नोकरी लागली, पण दुसरीकडे. यंदा गौरीच्या आधी टीव्हीमागं मी फक्त ब्रश घेऊन जाणार आहे, आणि पदर कमरेला खोचून!