आरशातल्या माणसाला कोणी मारले?

कापाकापीचे इंग्रजी सिनेमे घरात पाहावेत की नाहीत, यावरून कितीतरी घरांत बाप-लेकांची वाजलेली आहे. व्हीसीआर भाड्याने आणून रात्रभर तीन-तीन सिनेमे पाहायचे दिवस होते, तेव्हा त्यात एक तरी कॅसेट भुताखेताची असायचीच. आयाबाया तोंडाला पदर लावून बघायच्या, आणि पोरे दुसऱ्या दिवशी तोच खेळ खेळायची.

या सिनेमांचा साचा ठरलेला. एक राक्षसी माणूस, हातात सुरा नाहीतर आकडा, आणि एकामागून एक मुडदे. तो माणूस असा का झाला, हे कोणी विचारायचे नाही. विचारले तर भीती कमी होते म्हणतात! आज एका अशा दुसऱ्या भागाविषयी सांगायचे आहे, ज्याने नेमके हेच विचारले आणि म्हणून समीक्षकांच्या शिव्या खाल्ल्या. सिनेमाचे नाव 'कँडीमॅन : फेअरवेल टू द फ्लेश'. अमेरिकेत तो मार्च १९९५ मध्ये लागला. दिग्दर्शक बिल काँडन.

त्याआधी पहिल्या भागाचे थोडे सांगतो. क्लाइव्ह बार्कर या इंग्रज लेखकाच्या 'द फॉरबिडन' या कथेवरून बर्नार्ड रोझ यांनी १९९२ साली 'कँडीमॅन' काढला. मूळ कथा इंग्लंडातली, आणि तिच्यातला खुनी काळा माणूस नव्हताच. रोझ यांनी कथा शिकागोच्या कॅब्रिनी-ग्रीन या सरकारी वसाहतीत नेली. उंच इमारती, मोडक्या लिफ्ट, गोरगरीब काळी कुटुंबे. आरशासमोर पाच वेळा नाव घेतले की एका हाताला आकडा असलेला कँडीमॅन येतो, असा तिथला समज. ही भूमिका टोनी टॉड या उंचापुऱ्या, भारदस्त आवाजाच्या काळ्या नटाने केली.

तर हा कँडीमॅन कोण? तो गुलामाचा मुलगा. यादवी युद्धानंतर बापाने जोडे बनवण्याच्या यंत्रातून पैसा केला, मुलाला शिकवले, मुलगा चित्रकार झाला. एका जमीनदाराने आपल्या मुलीचे चित्र काढायला त्याला बोलावले. दोघांचे प्रेम जडले, मुलीला दिवस गेले. बापाने माणसे घातली. त्यांनी गंजक्या करवतीने त्याचा उजवा हात कापला, अंगाला मध फासला आणि मधमाश्यांकडून त्याला मारवले. पहिल्या सिनेमात हे कसे कळते? एक गोरा प्राध्यापक जेवणाच्या टेबलावर दोन-तीन मिनिटांत सांगून टाकतो! ऐकणाऱ्यांचे घास खाली उतरतात आणि सिनेमा पुढे जातो.

दुसऱ्या भागात याच प्राध्यापकाचा सुरुवातीलाच निकाल लागतो. आता गाव न्यू ऑर्लीन्स, दिवस मार्डी ग्रा या उत्सवाचे. ॲनी ही गोरी शिक्षिका गरीब वस्तीतल्या शाळेत चित्रकला शिकवते. प्राध्यापकाच्या खुनाचा आळ तिच्या भावावर येतो, आणि ती शोध घेत निघते. शोध संपतो तो घराण्याच्या जुन्या मळ्यावर. तिला कळते, की मारल्या गेलेल्या त्या चित्रकाराचेच रक्त आपल्या अंगात आहे. त्या दोघांची मुलगी जगली होती. ती गोरी दिसत होती, म्हणून गोरी म्हणून वाढली आणि पुढच्या पिढ्यांनी बापाचे नाव पुसून टाकले.

ॲनीची आई ऑक्टेव्हिया हे पात्र व्हेरॉनिका कार्टराइट यांनी फार नेमके केले आहे. श्रीमंत, आजारी, दारूचा पेला हातात. तिला सगळे ठाऊक आहे. लेक विचारते तेव्हा ती उसळून नाकारते. माझ्या मते आकड्याने पोटे फाडण्याच्या सगळ्या प्रसंगांपेक्षा ही बाई अधिक भीतीदायक आहे. घरात मढे पडले तरी चालेल, पण खापरपणजोबा काळा होता हे कोणाला कळता कामा नये!

आणि मग तो खुनाचा प्रसंग. पहिल्या भागात नुसता सांगितलेला, इथे डोळ्यांसमोर घडतो. दिवसाउजेडी, मोकळ्या माळावर, बायकापोरांसकट जमाव जमलेला. एक लहान मुलगा मध बोटाने चाटतो आणि 'कँडीमॅन' म्हणतो. जमाव तेच ओरडू लागतो. म्हणजे ते नाव भुताने घेतलेले नाही, मारणाऱ्यांनी चिडवायला दिलेले आहे. मुलीचा बाप त्याच्यापुढे आरसा धरतो आणि त्याचा विद्रूप चेहरा त्यालाच दाखवतो. आरशाची भानगड इथून सुरू झाली. नाव गाव विसरले, टोपणनाव राहिले. त्याचे खरे नाव डॅनियल रोबिटेल.

हे सिनेमावाल्यांच्या डोक्यातून निघालेले नाही. अमेरिकेत १८७७ ते १९५० या काळात जमावाने मारलेल्या काळ्या माणसांची चार हजार चारशेहून अधिक प्रकरणे 'इक्वल जस्टिस इनिशिएटिव्ह' या संस्थेने नोंदवली आहेत. माणसे लेकराबाळांना घेऊन ते पाहायला जात. प्रेतांसोबत फोटो काढत, त्यांची पोस्टकार्डे विकत. अशी कार्डे टपालाने पाठवायला १९०८ साली बंदी घालावी लागली, यावरून काय ते समजा. आयडा बी. वेल्स या काळ्या पत्रकार बाईंच्या तीन मित्रांना १८९२ साली मेम्फिस शहरात असेच मारले. गुन्हा इतकाच, की त्यांचे वाण्याचे दुकान गोऱ्याच्या दुकानाला भारी पडत होते. बाईंनी एकेक प्रकरण तपासले आणि 'सदर्न हॉरर्स' हे पुस्तक काढले. गोऱ्या बाईवर अत्याचार केला म्हणून मारले, असे जे सांगितले जाई, तिथे पुष्कळदा दोघांच्या राजीखुशीचे प्रेम होते, हे त्यांनी छापून दाखवले. त्यांचा छापखाना फोडला गेला. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' ज्या देशातल्या गुलाममुक्तीच्या कार्यकर्त्यांना अर्पण केली, त्या देशाला जमावाच्या हत्येविरुद्ध केंद्रीय कायदा करायला २०२२ साल उजाडले.

आता तक्रारीही सांगतो. पहिल्या भागात खून शिकागोत झाला होता, दुसऱ्यात तो लुइझियानात कसा गेला, याचा मेळ लागत नाही. दर दहा मिनिटांनी उगाच कोणीतरी दचकवते, तो प्रकार स्वस्तातला. सगळ्यात खटकते ते हे, की ज्याचा इतका अन्याय्य खून झाला तो बदला घ्यायला निघतो आणि मारतो कोणाला? पहिल्या भागात वस्तीतल्या गरिबांनाही! दुसऱ्यात गोरेही मरतात, पण ज्यांनी केले ते कधीच मरून गेलेले असतात. मेलेल्याला राक्षस करून ठेवले की मारणारे साळसूद ठरतात.

टोनी टॉड यांनी मात्र त्या राक्षसात माणूस ठेवला. मधमाश्या खऱ्या होत्या. दर डंखामागे हजार डॉलर असा करार आपण केला होता आणि एकूण तेवीस डंख बसले, असे त्यांनी मुलाखतींत सांगितले आहे. जिवाला धोका तर मोबदला वेगळा, हे त्या माणसाला पक्के कळत होते.

थिएटरात या सिनेमाला पहिल्याइतके यश मिळाले नाही. तो जगला तो व्हिडिओवर. त्या काळी भाड्याच्या कॅसेटच्या दुकानात डब्यावर ओळखीचे नाव दिसले की गिऱ्हाईक हात घाली. दुसरे-तिसरे भाग निघत ते याच हिशेबाने. 'कँडीमॅन'चा तिसरा भाग तर १९९९ साली थेट व्हिडिओवरच आला, आणि तो न पाहिला तरी चालेल. कॅसेट गेली, डीव्हीडी आली, पुढे ब्लू-रे तबकडीवर काँडन यांचे निवेदनही ऐकायला मिळू लागले. घरी पाहण्याचा एक फायदा थिएटरात नाही. खुनाखुनीचे प्रसंग पुढे ढकलता येतात आणि ऑक्टेव्हिया तोंड फिरवते तिथे थांबता येते.

आईबापांनो, हा सिनेमा प्रौढांचा आहे, लहानग्यांना जवळ बसवू नका. कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींबरोबर जरूर पाहा, पण आधी पहिला भाग, मग हा. त्यानंतर निया डाकोस्टा या काळ्या दिग्दर्शिकेचा २०२१ सालचा 'कँडीमॅन' लावा. तोवर कॅब्रिनी-ग्रीनच्या उंच इमारती पाडून झाल्या होत्या. त्यात शेवटी टोनी टॉड पुन्हा दिसतात. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी ते वारले. सिनेमा संपून नावे येऊ लागली की लगेच बंद करू नका. कागदाच्या सावल्यांचा खेळ तेव्हाच चालू होतो, आणि डॅनियलसारखे आणखी कोण-कोण मारले गेले, ते त्यात दिसते.