साठावहीतील दोन रकाने

प्रयोगशाळेच्या साठावहीची वार्षिक तपासणी म्हणजे बहुधा बाटल्यांची मोजदाद. गतवर्षी ‘पिक्रिक आम्ल, बाटली १’ ही नोंद जुळली आणि आम्ही सही ठोकली. बाटली केव्हा घेतली, केव्हा उघडली, हे सांगणारा रकानाच वहीत नव्हता.

हे आम्ल पाण्याने भिजलेले ठेवावयाचे असते. वर्षानुवर्षे पडून राहून त्यातील पाणी उडाले, की ते स्फोटक बनते. आट्यांत बसलेले स्फटिक झाकण पिळतानाच्या घर्षणानेही भडकू शकतात. आमच्या परिचराने ते पिळून पाहिले नाही, हे आमचे दैव!

आता वहीत तारखांचे दोन रकाने वाढविले आहेत. ती बाटली मात्र कुलपाआड तशीच आहे. तिला कोणी हात लावावयाचा, याविषयी खात्याशी पत्रव्यवहार चालू आहे.