बिडी सोडणाऱ्याच्या पोटावर बोलू नका



आषाढी तोंडावर आली आहे. दरवर्षीप्रमाणे यंदाही आपल्यातले काही जण माळ घालतील आणि बिडी-सिगारेट सोडतील. ‘बिडी सोडा’ असं सांगायला हे पत्रक काढलेलं नाही. ते काम पाकिटावरची चित्रं रोज करतात. हे आवाहन सोडणाऱ्याच्या आजूबाजूला वावरणाऱ्यांना आहे. म्हणजे घरच्यांना, पारावरच्या मित्रांना, चहाच्या हॉटेलवाल्यांना, सप्ताहाच्या पंगतीत आग्रह करणाऱ्यांना. कारण सोडलेला माणूस दोन-तीन महिन्यांनी पुन्हा काडी पेटवतो आणि कारण विचारलं की म्हणतो, “अंग सुटायला लागलं राव. भूकच आवरंना.” आपण हसतो आणि त्याला बहाणेबाज ठरवतो. पण त्याचं म्हणणं खरं असतं.

निकोटिन भूक मारतं. ऊसतोडीच्या फडातला मजूर किंवा कांदा काढणारा गडी जेवण लांबलं की बिडी का ओढतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. शिवाय बसल्या जागी शरीराचा जो ऊर्जेचा खर्च होतो, तोही निकोटिन थोडा वाढवतं. बिडी थांबली की दोन्ही गोष्टी उलटतात. भूक वाढते, खर्च घटतो. त्यातच काही दिवसांत जिभेची चव आणि नाकाची वास घेण्याची ताकद परतते, त्यामुळे तीच आमटी, तीच भाकरी जास्त गोड लागते. आणि हाताचं काय? बिडी विझू नये म्हणून झुरके सिगारेटपेक्षा जास्त मारावे लागतात. पंचवीस बिड्यांचा कट्टा दिवसाला संपवणाऱ्याचा हात दिवसातून काही शे वेळा तोंडाकडे जातो. बिडी गेली तरी हात तोंडाकडे जायचा थांबत नाही. मग समोर फरसाण असेल तर फरसाण, शेंगदाणे असतील तर शेंगदाणे.

तंबाखूच्या धंद्याला ही गोष्ट फार आधीपासून माहीत आहे. 1920 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत लकी स्ट्राइक सिगारेटची जाहिरात बायकांना उघडउघड सांगायची की गोडाला हात घालण्याऐवजी आमची सिगारेट घ्या. तिथल्या मिठाईवाल्यांनी त्यावरून मोठा गदारोळ केला होता. सिगारेटने माणूस बारीक राहतो हा समज आजही कॉलेजच्या पोरांत आहे, त्याची मुळं अशा जाहिरातींत आहेत.

आता वजन वाढतं तरी किती? 2012 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अनेक देशांतल्या अभ्यासांची एकत्र तपासणी छापून आली. कोणतंही औषध न घेता सिगारेट सोडलेल्यांचं वजन वर्षभरात सरासरी 4 ते 5 किलोंनी वाढलं आणि त्यातली निम्म्याहून जास्त वाढ पहिल्या तीन महिन्यांतच झाली. शंभरातल्या सोळा जणांचं वजन उलट उतरलं. तेराएक जणांचं मात्र दहा किलोंच्या वर गेलं. म्हणजे प्रत्येकाचं पोट सुटतंच असं नाही, आणि ज्याचं सुटतं त्याचं बहुतेक सुरुवातीलाच सुटतं.

इथे आपल्या पंचांगाची गंमत बघा. आषाढी एकादशीला बिडी सोडली आणि तीन महिने मोजले तर दसरा येतो. वजन वाढण्याचे जे मुख्य तीन महिने, नेमके त्याच काळात श्रावणाचे उपवास, पोळ्याची पुरणपोळी, गणपतीचे मोदक, पितृपक्षातली खीर-वडे आणि नवरात्राची साबुदाणा खिचडी. आणि एवढ्यातून कोणी सावरलाच, तर कार्तिकीच्या आत दिवाळीचा फराळ आहेच. व्यसन सोडायला चातुर्मास चांगला, यात शंका नाही. सगळं गाव काही ना काही पाळत असतं, त्यामुळे एकट्याला लाज वाटत नाही. पण खाण्याच्या दृष्टीने वर्षातला सगळ्यात अवघड काळ आपण निवडतो, हेही ध्यानात ठेवायला हवं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, वर दाण्याचं कूट आणि तूप. एक भरलेली ताटली म्हणजे लहान दोन भाकऱ्या, आणि तास-दोन तासांत पोट पुन्हा काहीतरी मागतं. म्हणून घरातल्या बायाबापड्यांना विनंती आहे: ज्याने बिडी सोडली आहे त्याच्या उपवासाच्या ताटात खिचडी निम्मी करा. जोडीला उकडलेलं रताळं, काकडीची कोशिंबीर, ताक आणि एखादं फळ द्या. आणि या वर्षापुरते त्याला उपवास कमी करू द्या. पांडुरंग रागावणार नाही.

सर्वात जास्त बोलायचं आहे ते चहावर. बिडीची आणि चहाची जोडी आपल्याकडे पक्की आहे. हॉटेलच्या बाकावर अर्धा कप चहा हातात आला की दुसरा हात आपोआप खिशाकडे जातो. खिसा रिकामा असला की तोच हात काउंटरवरच्या बरणीकडे वळतो: खारी, बटर, क्रीमरोल. मग कढईतून भज्यांचा घाणा निघतो. चहात दोन चमचे साखर म्हणजे साधारण 10 ग्रॅम. दिवसात सहा चहा झाले तर 60 ग्रॅम साखर फक्त चहातून. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाला 25 ग्रॅमच्या आसपास असावी. आपल्या आंबेगाव तालुक्यात भीमाशंकर साखर कारखाना आहे, उसावर आपले संसार चालतात. साखरेला नावं ठेवायला मी बसलेलो नाही. साखर विकावी जरूर. सगळी आपणच खावी असं नाही.

चहाची आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. धुरातली काही द्रव्यं यकृताला कॅफीन लवकर निकालात काढायला लावतात. धूर थांबला की कॅफीन शरीरात जास्त वेळ रेंगाळतं. त्यामुळे पूर्वीइतकेच चहा घेतले तरी छाती धडधडते, झोप उडते, चिडचिड होते. माणसाला वाटतं बिडीविना जीव कासावीस होतोय. त्यातला काही कासाविसपणा चहाचा असू शकतो. बिडी सोडताना चहा निम्मा केला की साखरही निम्मी होते आणि झोपही लागते. यकृतावरच्या याच परिणामामुळे दम्याच्या आणि मानसिक आजाराच्या काही गोळ्यांचं प्रमाण बदलावं लागतं. शिवाय मधुमेह्यांची रक्तातली साखर वर-खाली होऊ शकते. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल त्याने बिडी सोडल्याचं डॉक्टरांना मुद्दाम सांगावं.

रात्रीच्या पाण्याचा विषय आपल्याच भागाचा. थ्री फेजची लाईट अनेकदा रात्री, म्हणून उसाला पाणी रात्री, आणि अंधारात बिबट्या. मोटर चालू करून बांधावर बसलेल्या माणसाला जागं राहायला बिडी हवी असते, सोबत म्हणूनही हवी असते. ती सोडली की रात्री एक-दोनला पोटात कावळे ओरडतात आणि सोबत आणलेली शेव-चिवड्याची पिशवी तासाभरात रिकामी होते. यावर दोन गोष्टी करता येतील. पिशवीत फुटाणे आणि चुरमुरे असावेत, शेंगदाणे मूठभरच, आणि थर्मासमध्ये बिनसाखरेचं आल्याचं गरम पाणी. दुसरं म्हणजे दोघादोघांनी जावं. बिबट्यामुळे तसंही एकट्याने जाऊ नये. गप्पांत रात्र गेली की बिडीची आठवण कमी होते.

सकाळचंही स्पष्ट बोलू या, लाजायचं कारण नाही. अनेकांना बिडी ओढल्याशिवाय परसाकडे होत नाही. सोडल्यावर काही दिवस पोट साफ होत नाही, जड वाटतं, फुगल्यासारखं होतं, आणि माणसाला वाटतं चरबी चढली. ही तक्रार बहुतेकांची काही आठवड्यांत जाते. उठल्यावर कोमट पाणी, जेवणात पालेभाजी, मटकी-मुगाची उसळ आणि बाजरी-ज्वारीची भाकरी ठेवली की फरक पडतो. आणि न्याहारी! बिडी ओढणारे बरेच जण सकाळी चहा-बिडीवर काढतात आणि अकरा-बाराला एकदम जेवतात. बिडी सुटली की आठ वाजताच सपाटून भूक लागते. ती खरी भूक आहे, तिला खारी-बटरवर भागवू नका. एक भाकरी, भाजी किंवा उसळ, वाटीभर ताक. आठला नीट खाल्लेला माणूस दहाला वडापावच्या गाडीजवळ थांबत नाही.

तलफ येते ती लाटेसारखी. काही मिनिटं जोर धरते आणि ओसरते. पहिला आठवडा सगळ्यात वाईट, मग हळूहळू अंतर वाढतं. तेवढी मिनिटं निभावण्यासाठी तोंडात लवंग, वेलची, भाजलेली बडीशेप, धनाडाळ चालेल. गाजर, मुळा, काकडी तर आपल्याच रानातली. दहा मिनिटं झपाझप चाललं तरी तलफ उतरते, हे अभ्यासांत दिसून आलं आहे. “आम्ही शेतकरी, आमचं दिवसभर चालणंच की” असं म्हणणाऱ्यांनी जरा आठवून बघावं; हल्ली बांधापर्यंत मोटरसायकल जाते.

मात्र दोन गोष्टी तोंडात नकोत. एक सुपारी. सुगंधी असो, साधी असो, तंबाखू नसलेली सुपारीही कर्करोगाला कारणीभूत ठरते. दुसरी अर्थातच तंबाखूची पुडी, आणि बायकांच्या बाबतीत मिश्री. 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ 3.8 टक्के निघाले, तर तोंडात तंबाखू धरणारे किंवा मिश्री लावणारे 24.4 टक्के. आपल्याकडे खरा धोका हा आहे. बिडी सोडून चुना मळायला बसलेला माणूस बारीक राहील कदाचित, पण सुटला कशातून? शरद पवारांवर 2004 साली तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली; तंबाखू-गुटख्याची सवय किती महागात पडली हे त्यांनी स्वतः अनेकदा जाहीरपणे सांगितलं आहे.

ज्यांना भूक आणि तलफ अजिबात आवरत नाही त्यांनी डॉक्टरांना विचारून निकोटिनचा च्युइंगम घ्यावा. तो चालू असेपर्यंत वजनाची वाढ थोडी लांबते, म्हणजे आधी बिडीशी आणि मग खाण्याशी असं एकेक करून झुंजता येतं. तो साध्या च्युइंगमसारखा सतत चघळायचा नसतो. चार-पाच वेळा चावून गालात धरायचा, चव गेली की पुन्हा चावायचा. गालात धरायचं कसं हे आपल्याकडे फारसं शिकवावं लागणार नाही.

वजन उतरवण्याचा हट्ट पहिल्या महिन्यांत करू नका. बिडीही बंद, भातही बंद, रात्रीचं जेवणही बंद, असं एकाच वेळी करणारा बहुधा सगळंच मोडतो. वाढ रोखली तरी पुष्कळ झालं. वजनकाटा नसेल तर सुतळी घ्या आणि पंधरा दिवसांतून एकदा बेंबीच्या पातळीवर पोट मोजा. आपल्याकडच्या पुरुषांना 90 सेंटिमीटर आणि बायकांना 80 ही मर्यादा धरतात. ती ओलांडली असेल तर रक्तातली साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात त्याची सोय आहे.

“वजन वाढून साखरेचा आजार लागण्यापेक्षा बिडी बरी” असं म्हणणारे गावोगाव भेटतात. 2018 मध्ये अमेरिकेतल्या आरोग्यसेवेतील माणसांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सिगारेट सोडून ज्यांचं वजन बरंच वाढलं त्यांना पुढची काही वर्षं मधुमेहाचा धोका खरोखर जास्त होता. पाच ते सात वर्षांच्या सुमारास तो सर्वांत वर गेला आणि नंतर उतरत गेला. ज्यांचं वजन वाढलं नाही त्यांना तो वाढीव धोका नव्हता. आणि वजन वाढो न वाढो, सोडणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण ओढत राहणाऱ्यांपेक्षा कमीच राहिलं. ओढत राहण्याने मधुमेहाचा धोका वाढतोच, हे तर वेगळंच. वादाला जागा उरत नाही.

राहिलं आपलं तोंड. बिडी सोडलेला माणूस दोन महिन्यांनी पारावर आला की आपण काय म्हणतो? “काय पाव्हणं, कारखान्याची साखर मानवली वाटतं!” “बाळसं धरलं की!” चेष्टेत बोलतो, पण त्याच्या मनात आधीच ती भीती असते, आणि घरी जाताना तो टपरीवर थांबतो. यंदा दसऱ्यापर्यंत तरी कुणाच्या पोटावर बोलू नका. “बिडी सोडून किती दिवस झाले?” एवढंच विचारा.

हॉटेलवाल्यांनी मागेल त्याला बिनसाखरेचा किंवा कमी साखरेचा चहा विनातक्रार द्यावा, आणि बरणीशेजारी फुटाण्याची एक बरणी ठेवावी. फुटाणेही विकले जातात. सप्ताहात आणि लग्नात वाढणाऱ्यांनी बुंदीचा आग्रह एकदाच करावा. मित्रांनी बिडी सोडलेल्याला बिडी देऊ नये, तशी भज्यांची प्लेटही त्याच्यासमोर सरकवू नये. कुणाला सोडायची आहे, किंवा सोडली आहे पण खाणं आवरत नाही, त्याने 1800-11-2356 या मोफत राष्ट्रीय क्रमांकावर फोन करावा. हा क्रमांक पाकिटांवर छापलेला असतो. पाकीट टाकून देण्याआधी तेवढा क्रमांक मोबाइलमध्ये उतरवून घ्या.

आपला नम्र,
एक ग्रामस्थ, निरगुडसर (ता. आंबेगाव, जि. पुणे)