'आगंतुक'वरचे आक्षेप

सत्यजित राय यांच्या 'आगंतुक'वर (१९९१) एक शेरा ठरलेला आहे: थकलेल्या दिग्दर्शकानं चित्रित केलेलं नाटक. १९८३च्या हृदयविकारानंतर राय स्टुडिओत अडकले, कॅमेरा जागचा हलेना आणि पात्रं बोलतच सुटली, असं हे म्हणणं. रायंच्याच 'गणशत्रू' चित्रपटापुरतं ते खरं आहे. पण तोच शिक्का 'आगंतुक'वर मारणं हा निव्वळ आळस आहे.

पस्तीस वर्षांनी मनमोहन मित्र कलकत्त्यात भाचीच्या दारात उभा राहतो. अनिलाला मामा आठवत नाही; तिचा नवरा सुधींद्र याला तो तोतया वाटतो. इथे दिवाणखाना हाच विषय आहे. जिथे पाहुणचार व्हायचा तिथे उलटतपासणी चालते. मामा पासपोर्ट पुढे करतो आणि वर सांगतो, यानं काहीच सिद्ध होत नाही. हा कोंडमारा बंद खोलीत नाही तर कुठे दाखवायचा? आणि मामा बाहेर पडतो तेव्हा काय होतं पाहा. मैदानावर मुलांच्या घोळक्यात तो सूर्य-चंद्राची बिंबं सारखी दिसण्याचं नवल सांगतो. मामा साकारणाऱ्या उत्पल दत्तांचा चेहरा तिथे खुलतो, कारण तिथे मामाला कुणी पुरावा मागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार: मनमोहन म्हणजे स्वतः रायच, आणि उरलेला चित्रपट म्हणजे व्याख्यान. मनमोहनच्या गाण्याला रायंनी स्वतःचा गळा दिला, हेही खरं. पण व्याख्यानात वक्त्याला कुणी घराबाहेर काढत नाही. सुधींद्रचा वकील मित्र पृथ्वीश 'सुसंस्कृत कोण' या वादात नरमांसभक्षणापर्यंत प्रश्न ताणतो. बटण दाबून अख्खं शहर संपवणारा तो सुसंस्कृत, हे मामाचं उत्तर बिनतोड आहे. तरी त्यानं पृथ्वीशचं मन वळत नाही. तो चिडून 'सरळ बोला, नाहीतर चालते व्हा' अशा भाषेवर येतो आणि सकाळी मामा घरात नसतो. वादात जिंकलेला माणूस घर गमावतो. प्रचारकाला असा प्रसंग सुचत नाही.

घर सोडलेला मामा संथाळ आदिवासींच्या गावात सापडतो. या संथाळांबद्दलची तक्रार मात्र मी खोडणार नाही. त्यांचा एवढा कैवार घेणाऱ्या चित्रपटात ते नाचतात, स्वतःचं म्हणणं मांडत नाहीत. ही उणीव मोठी आहे.

पण त्याच नाचात रायंनी सगळा खटला उलटा फिरवला आहे. नवऱ्याच्या आग्रहानं अनिला संथाळ बायकांच्या रांगेत शिरते. पावलं आधी चुकतात, मग जुळतात. ते पाहून मामा सुधींद्रला सांगतो, ही माझी भाची आहे की नाही याची मला शंका होती, ती आता फिटली. इतके दिवस त्याला तपासणारेच तपासले जात होते! अनिला झालेल्या ममता शंकर यांच्या नुसत्या देहबोलीवर हा निकाल लागतो. 'नुसती बडबड' म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग पुन्हा पाहावा. मामानं त्यांना दिलेलं वारशाच्या पैशांचं पाकीट त्यानंतर येतं. मला ते अनावश्यक वाटतं, कारण सुधींद्रची मान तोवर खाली गेलेलीच असते.