बाहुली अस्सल कशाने ठरते?

१८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणणारे विष्णुदास भावे आपल्याला ठाऊक असतात. त्यांच्या लाकडी बाहुल्या क्वचितच. शतक उलटल्यावर रामदास पाध्ये यांनी त्या दुरुस्त करून पुन्हा नाचवल्या.

संग्राहक म्हणतील, दुरुस्तीने अस्सलपणा गेला. हा निकष शिलालेखाला लावावा, बाहुलीला नव्हे! तिचा अस्सलपणा हालचालीत असतो. दोरीवाचून ती नुसते लाकूड.

जुना संच फोडून एखादे पात्र दिवाणखान्यासाठी विकत घेणे म्हणजे अख्खे आख्यान मुके करणे होय. त्यापेक्षा सिंधुदुर्गातील पिंगुळीस जा. तेथील ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्यांचा खेळ जपला आहे. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री लाभली ती याच परंपरेसाठी. कलावंताकडून नवी बाहुली घ्या, आणि खेळाची बिदागीही द्या.