खुसपट काढणाऱ्यांची बाजू

 २५ जुलै २०२३ रोजी लेखक शिरीष कणेकर गेले. मूळ गाव पेण, म्हणजे आपल्या पनवेलच्या पुढचेच. सिनेमा आणि क्रिकेट यांवर त्यांनी आयुष्यभर लिहिले. पण आज आम्हाला आठवतो तो ‘माझी फिल्लमबाजी’ हा त्यांचा एकपात्री प्रयोग. हिंदी सिनेमाचे ठरीव साचे, त्यातली अशक्य वळणे आणि नटांच्या लकबी हा माणूस रंगमंचावर एकटा उभा राहून उलगडत असे आणि ते ऐकायला लोक तिकीट काढून जात. मागे पडद्यावर चालणारी चित्रफीत नव्हती की संकलनाची करामत नव्हती. हाती होती ती स्मरणशक्ती, जीभ आणि हजारदा पाहिलेला सिनेमा.

तेच काम आज आपल्या नवी मुंबईतली मुले करतात. दिवसा महापे किंवा ऐरोलीत नोकरी करायची आणि रात्री कामोठे, खारघर, उलव्याच्या भाड्याच्या खोलीत माईक लावून चॅनेल चालवायचे. ताजा सिनेमा घ्यायचा, त्यातल्या विसंगती एकामागून एक दाखवायच्या आणि लोकांना हसवायचे. या प्रकाराला जगभर चालना दिली ती अमेरिकेतल्या ‘सिनेमासिन्स’ने. जेरेमी स्कॉट आणि ख्रिस ॲटकिन्सन यांनी २०१२च्या डिसेंबरात ते सुरू केले. चूक दिसली की घंटी वाजते आणि कोपऱ्यातला आकडा एकाने वाढतो, एवढाच त्याचा साचा. पुढे आपल्याकडे कनन गिल आणि बिस्वा कल्याण रथ या दोघांनी जुन्या हिंदी सिनेमांची अशीच चिरफाड केली आणि हजारो मुलांना वाटले, हे आपल्यालाही जमेल.

जमवायला मात्र मेहनत लागते, आणि बाहेरून ती दिसत नाही. सिनेमा एकदा सलग पाहायचा. दुसऱ्यांदा थांबत थांबत, वेळेचा आकडा टिपत पाहायचा. मग संहिता, आवाज, संकलन. काही सेकंदांचा तुकडा वापरायचा, त्यावर आपले बोलणे चढवायचे आणि पुढच्या तुकड्याकडे जायचे. दहा मिनिटांच्या हसण्यामागे अनेक रात्री असतात. ‘रिकामटेकडे उद्योग’ असे म्हणणाऱ्यांनी एकदा शेजारी बसून हे पाहावे.

खुसपट काढणे हे हलके काम आहे, असे आम्ही मानत नाही. ‘शोले’तल्या रामगढमध्ये वीज नाही, राधा रोज रात्री कंदील मालवते, मग वीरू ज्या टाकीवर चढून धिंगाणा घालतो तिच्यात पाणी कसे चढते? हा प्रश्न पन्नास वर्षे लोक विचारत आले आहेत आणि त्यामुळे ‘शोले’चे काहीही बिघडलेले नाही. उलट विचारणाऱ्याने सिनेमा किती बारकाईने पाहिला, हेच त्यातून कळते. ‘अमर अकबर अँथनी’त तीन भावांचे रक्त एकाच वेळी नळ्यांतून आईच्या अंगात जाते. कोणताही डॉक्टर त्याला हात जोडील. पण मनमोहन देसाईंना वैद्यकशास्त्र सांगायचेच नव्हते. तीन धर्मांत वाढलेली तीन मुले आणि एक आई, हे एका दृश्यात सांगायचे होते. चांगला खुसपटकार दोन्ही गोष्टी जाणतो. हे अशक्य आहे हे तो दाखवतो, आणि तरीही आपले डोळे का भरून येतात, हेही त्याच्या हसण्यातून कळते.

कणेकरांचे बळ तिथेच होते. साच्यांवर तुटून पडणारा हाच माणूस दिलीपकुमारवर जीव टाकत होता आणि ‘गाये चला जा’ या पुस्तकात जुन्या गाण्यांच्या दुनियेत बुडून जात होता. त्यांची टवाळी बोचायची ती त्यामुळे. ज्याला चांगला सिनेमा हवा असतो त्यालाच वाईट सिनेमाचा खरा राग येतो. आजच्या चॅनेलवाल्यांपैकी जे टिकतील ते याच वाटेने टिकतील, असे आम्हाला वाटते.

कारण आकड्याची चटक वाईट असते. कोपऱ्यातला आकडा वाढवायचा म्हटला की जी चूक नाही तीही चूक ठरते. ‘काँग : स्कल आयलंड’चे दिग्दर्शक जॉर्डन व्होग्ट-रॉबर्ट्स यांनी २०१७ साली ‘सिनेमासिन्स’वर जाहीर टीका केली. ज्या गोष्टी सिनेमात जाणूनबुजून केलेल्या आहेत त्यांनाच हे लोक चुका म्हणून मोजतात, हा त्यांच्या रागाचा रोख होता. तो राग आम्हाला रास्त वाटतो. संवादात सांगून झालेले कारण न ऐकता ‘असे कसे?’ म्हणून घंटी वाजवणे ही पाहणाऱ्याची चूक आहे, सिनेमाची नव्हे.

त्याहून वाईट प्रकार म्हणजे सिनेमा सोडून माणसावर घसरणे. नटीचे वजन, नटाचा रंग, कुणाची बोली. नवी मुंबईत तर बोलीचा प्रश्न घरचा आहे. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर उभे राहिले आणि त्या गावांची बोली आगरी. मराठी सिनेमात आणि विनोदी कार्यक्रमांत आगरी माणूस येतो तो बहुतेकदा गळ्यात सोने घालून, हसण्यापुरता; आणि त्याच्या तोंडी जे घातलेले असते ते कित्येकदा ना धड आगरी असते, ना धड दुसरे काही. खरे खुसपट इथे आहे! टाकीतले पाणी कुणालाही दिसते. खोटी आगरी ऐकू येते ती घणसोली, करावे, उरणच्या कानाला. तिथल्या पोरापोरींनी ‘हे आमच्या घरात असे कुणी बोलत नाही’ एवढे जरी हसत हसत, दृश्यावर बोट ठेवून सांगितले, तरी पुढचा संवादलेखक गावात येऊन दोन दिवस बसेल. समीक्षकांच्या स्तंभांतून हे काम झालेले आम्हाला फारसे दिसले नाही.

मराठी सिनेमाला आधीच चित्रपटगृहे मिळत नाहीत, वेळा मिळत नाहीत. त्यात आपल्याच माणसांनी टर कशाला उडवायची, असे निर्माते म्हणतात. त्यांची अडचण खरी आहे. पण उपाय गप्प बसणे हा नव्हे. आचार्य अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’ लिहून आपल्या काळातल्या कवींच्या लकबींची रेवडी उडवली. त्याने मराठी कविता मेली नाही. त्याच अत्र्यांनी ‘श्यामची आई’ काढला आणि राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी, १९५४ साली, राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवले. खोट ओळखणारी नजर आणि उत्तम घडवणारा हात एकाच माणसाचे असू शकतात. आज जो घंटी वाजवतो आहे त्याच्याकडे उद्याचा पटकथाकार म्हणून पाहण्याची उदारता निर्मात्यांनी दाखवावी.

राहिला कायदा. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ टीका आणि परीक्षण यांसाठी मूळ कृतीचा वाजवी वापर करू देते. विडंबनाचे नाव त्यात नाही. पण केरळ उच्च न्यायालयाने १९९६ साली सिविक चंद्रन यांनी एका नाटकाला उत्तर म्हणून लिहिलेल्या प्रतिनाटकाला याच कलमाचा आधार दिला. मूळ नाटकातला मजकूर, पात्रे घेऊनही प्रतिनाटक मूळ नाटकामागच्या विचाराची चिकित्सा करते, मूळ नाटकाशी स्पर्धा करत नाही, हे न्यायालयाने पाहिले. २०२४च्या डिसेंबरात तमिळ निर्मात्यांच्या संघटनेने प्रदर्शनानंतरचे पहिले तीन दिवस परीक्षणांवर बंदी मागितली, तेव्हा मद्रास उच्च न्यायालयाने अंतरिम मनाई देण्यास नकार दिला. न्यायालयांची दिशा स्पष्ट आहे.

अडते ते न्यायालयापर्यंत पोचण्याआधी. यूट्यूबची ‘कंटेंट आयडी’ ही यंत्रणा चित्र आणि आवाजाचे ठसे जुळवते. टीका म्हणजे काय, हे तिला कळत नाही. ठसा जुळला की व्हिडिओची कमाई दावेदाराकडे वळू शकते किंवा व्हिडिओच अडतो. हरकत घेतली तर दावेदाराला उत्तर द्यायला ३० दिवस मिळतात. नव्या सिनेमावरचा व्हिडिओ तेवढ्यात शिळा होतो. रीतसर नोटिशींमुळे ९० दिवसांत तीन स्ट्राइक, म्हणजे ताकिदी, बसल्या, तर सगळे चॅनेलच बंद होऊ शकते; अनेक वर्षांची मेहनत एका फटक्यात जाते. म्हणून ही मुले चित्र उलटे करतात, चौकटीत बारीक करतात, आवाज बदलतात. कायद्याने दिलेला हक्क चोरासारखा वापरायला लागणे, हे आम्हाला खटकते.

मराठी चित्रपट महामंडळाने यावर एक साधा नियम करावा. परीक्षणात किंवा विडंबनात आलेल्या छोट्या तुकड्यांवर यंत्राने केलेला दावा, हरकत येताच एखाद्या माणसाने व्हिडिओ शेवटपर्यंत पाहून तपासावा, आणि तोही ३० दिवसांत नव्हे, तीन दिवसांत. कुणी सिनेमाच उचलून टाकला असेल तर खुशाल कारवाई करावी. कुणी सिनेमावर बोलत असेल, तर दावा मागे घ्यावा. याला नवा कायदा लागत नाही, पैसाही फारसा लागत नाही.