नाद आणि नोकरी



गेल्या पंधरवड्यात एका भगिनीचे पत्र आले. नाव-गाव छापू नका असे तिने बजावले आहे, म्हणून ते सांगत नाही. पण पत्र वाचून वाटले, हे गाऱ्हाणे काही एकाच घरचे नाही. आज तेच तुमच्यापुढे मांडतो.

ती लिहिते: "भाऊ, आमचे हे साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून आहेत. आठ वर्षे झाली. गाडी काट्यावर आली की वजन टिपायचे, पावती द्यायची, की पुढची गाडी. हंगाम संपला की कपाटातली जुनी बाडे लावायची. घरी येतात ते तोंड पाडून. चहा घेतला की गोठ्याच्या पडवीत जातात. तिथे एक पिंप उभे केले आहे. त्यावर काचेची जाड तबकडी ठेवून तिच्यावर दुसरी तबकडी घासत पिंपाभोवती फिरत राहतात. आकाशातले ग्रह बघायची दुर्बीण करायची म्हणतात. सासूबाई म्हणतात, घाण्याच्या बैलाला निदान तेल तरी निघते. आता तर नोकरी सोडून दुर्बिणीच करून विकीन म्हणतात. तीन एकर जमीन, सोसायटीचे कर्ज, नणंदेचे लग्न व्हायचे आहे. मामंजी बोलेनासे झाले आहेत. मी यांना आडवी जाऊ की पाठीशी उभी राहू?"

मंडळी, असा नादिष्ट माणूस प्रत्येक गावात एखादा असतोच. कुणी जुने रेडिओ उघडून बसतो, कुणी मोटारपंपाला मोबाइल जोडून घरबसल्या चालू-बंद करतो. नोकरीत त्याचा जीव रमत नाही, आणि ज्यात रमतो त्याचे पैसे मिळत नाहीत. गाव त्याला खुळा म्हणते. तेव्हा आधी हे खूळ आहे तरी काय, ते बघू.

काचेवर काच घासायची, मध्ये पाणी आणि कार्बोरंडमची पूड टाकायची. घासता घासता वरची तबकडी मध्ये खोलगट होते आणि खालची फुगते. सहा इंचांचा, अठ्ठेचाळीस इंचांवर प्रकाश एकवटणारा आरसा करायचा असेल, तर मधली खोली किती भरते ठाऊक आहे? जेमतेम सव्वा मिलिमीटर. पण त्या खोलगटपणाचा आकार इतका बिनचूक लागतो की चूक माणसाच्या केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याहून फार जास्त चालत नाही. आणि हे काम हाताने होते. जाड पुडीपासून बारीक पुडीपर्यंत, आणि शेवटी राळेच्या थरावर पॉलिश. पिंपाभोवती फिरायचे ते एवढ्यासाठी की घासणे सगळ्या बाजूंनी सारखे पडावे. सासूबाईंना सांगावे, घाणा दिसतो खरा, पण हे सोनाराहून नाजूक काम आहे.

आता एका शेतकऱ्याच्या पोराची गोष्ट सांगतो. अमेरिकेत कॅन्सस राज्यात बर्डेट नावाचे गाव आहे. तिथे क्लाइड टॉम्बॉ हा पोरगा बापाबरोबर शेती करीत होता. जन्म १९०६ चा. कॉलेजात जाण्याची फार इच्छा, पण गारपिटीने पीक झोपवले आणि कॉलेज राहिले. गारपीट म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. दिवसभर शेत, आणि डोके मात्र आकाशात, अशी त्याची गत झाली.

१९२६ साली त्याने पहिली दुर्बीण केली. आरसा नीट साधला नाही. पुढे त्याच्या लक्षात आले की आरसा तपासताना आजूबाजूची हवा स्थिर आणि एकसारख्या तापमानाची पाहिजे. मग त्याने शेतात चोवीस फूट लांब, सात फूट रुंद आणि आठ फूट खोल खड्डा खणला. आपल्याकडे सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवे होती ना, तशातलाच प्रकार समजा. तो खड्डा घरच्यांना भाजीपाला साठवायला आणि वावटळीत आसऱ्यालाही कामी आला. दुर्बिणीच्या बैठकीसाठी त्याने जुन्या मोटारीचे आणि दुधातली साय काढायच्या यंत्राचे भाग वापरले. १९२८ साली नऊ इंच आरशाची दुर्बीण तयार झाली आणि ती उत्तम निघाली.

पुढचे नीट ऐका. तो शेती टाकून पळाला नाही. त्याने आपल्या दुर्बिणीतून मंगळ आणि गुरू पाहिले, दिसले तसे कागदावर काढले, आणि ती चित्रे ॲरिझोना राज्यातल्या लोवेल वेधशाळेला पाठवून दिली. योगायोग असा की तिथे नव्या दुर्बिणीवर काम करायला माणूस हवाच होता. बोलावणे आले, आणि १९२९ च्या जानेवारीत तो तिकडे रुजू झाला. वर्षभराने, १८ फेब्रुवारी १९३० रोजी, त्याला प्लूटो सापडला. वय चोवीस. कॉलेजची पदवी त्याने त्यानंतर, १९३६ साली घेतली. २००६ साली प्लूटोची गणना बटुग्रहांत झाली, पण टॉम्बॉचे नाव काही पुसले गेले नाही. १९९७ साली तो वारला. त्याच्या अस्थींतला थोडा भाग घेऊन न्यू होरायझन्स हे यान १४ जुलै २०१५ रोजी प्लूटोजवळून गेले.

गोष्ट गोड आहे. पण तिच्यातली दुसरी बाजू कुणी सांगत नाही. त्याला जी मनासारखी नोकरी मिळाली, तिच्यात तो रोज काय करीत होता? थंडीत उघड्या घुमटाखाली आकाशाचे फोटो घ्यायचे. मग त्याच भागाचे दोन रात्रींचे दोन फोटो यंत्रात शेजारी-शेजारी लावून, एकदा हा, एकदा तो, असे आलटून-पालटून पाहायचे. लाखो ठिपक्यांत कुठला ठिपका जागचा हलला, ते शोधायचे. महिनोन् महिने हेच. प्लूटो दिसला तो २३ आणि २९ जानेवारीच्या फोटोंत. मला तर हे वजनकाट्याचेच थोरले भावंड वाटते! तेव्हा काट्यावरच्या बंधूंना माझे सांगणे असे की, आवडीच्या कामातही कंटाळा असतो. दुर्बिणी विकायला बसलात की तोच आरसा पन्नास वेळा घासावा लागेल, उधारी मागावी लागेल, गिऱ्हाइकाची बोलणी खावी लागतील. तेव्हाही हात पिंपाभोवती फिरतील का, हे आधी स्वतःला विचारा.

दुसरे उदाहरण आपल्याच देशातले. श्रीनिवास रामानुजन १ मार्च १९१२ पासून मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमध्ये कारकून होते. पगार महिना तीस रुपये. गणिताच्या नादात कॉलेजच्या परीक्षा बुडालेल्या. पण त्यांचे नशीब असे की त्यांचे वरिष्ठ नारायण अय्यर हे स्वतः गणित जाणणारे होते. १६ जानेवारी १९१३ ला रामानुजननी केंब्रिजच्या हार्डी या गणितज्ञाला पत्र लिहिले, ते कारकुनाच्या नोकरीत असतानाच. त्याच वर्षी मद्रास विद्यापीठाने महिना पंचाहत्तर रुपयांची शिष्यवृत्ती दिली, तेव्हा कारकुनी सुटली.

दोन्ही गोष्टींत एक धागा आहे, पाहा. दोघांनीही दुसरी फांदी हाती आल्यावरच पहिली सोडली. आणि दोघांनीही आपले काम जाणत्या माणसाला दाखवले. गोठ्यात लपवून ठेवले नाही. अर्थात, दर नादिष्टाला प्लूटो सापडतो असे नाही. टॉम्बॉचे नाव आपल्याला कळले, पण असे आरसे घासून उगाच राहून गेलेले कितीतरी असतील. म्हणून घरदार पणाला लावू नये.

आता त्या बहिणीला माझे उत्तर. ताई, तू आडवीही जाऊ नकोस आणि डोळे मिटून मागेही जाऊ नकोस. मधे एक वही ठेव. वर्षभर त्यांनी नोकरी सोडू नये, आणि घरानेही त्यांना नादावरून टाकून बोलू नये, असा करार कर. काचेला किती, पुडीला किती, किती तास गेले, ते सारे वहीत लिहा. पहिली दुर्बीण पुरी झाली की ती घेऊन त्यांना पुण्याला ज्योतिर्विद्या परिसंस्थेत पाठव. ती १९४४ पासूनची हौशी आकाश-अभ्यासकांची संस्था आहे. जाणती माणसे चूक दाखवतील. बरोबर असेल तर तेही सांगतील. मग तालुक्यातल्या दोन-चार शाळांत ती दाखवा. कुणी पैसे मोजून मागितली, एक नव्हे, चार-पाच, तर वही काढून हिशेब करा. वर्षाच्या शेवटी वही जे म्हणेल ते दोघांनी मिळून ऐकायचे. कर्ज फिटेपर्यंत आणि नणंदेचे लग्न होईपर्यंत पगार चालू राहावा, हे त्यांनाही पटेल. न पटले तर माझे नाव सांग.

आणि आठवड्यातली एक संध्याकाळ तुझी आणि पोरांची. ती पिंपाला द्यायची नाही. नादाची खरी किंमत कधीकधी घरातली बाई मोजते, आणि ती कुठल्याच वहीत लागत नाही.

काट्यावरच्या बंधूंना आणखी एक कामाची गोष्ट. गोठ्याच्या पडवीत आरसा घासायला हरकत नाही, पण तपासू नका. जनावरांच्या अंगाची ऊब हवेत हलत असते, तिने आरसा खोटे सांगतो. घरात बंद, थंड खोली असेल ती बघा.

मामंजींनाही दोन शब्द. पोरगा पत्त्यांच्या अड्ड्यावर नाही, बाटलीच्या नादी नाही. रात्री घरातच असतो. दिवसभर जे काम कुणाच्या नजरेत भरत नाही ते करून आल्यावर, आपल्या हातून एक तरी वस्तू चांगली व्हावी असे त्याला वाटते. तुम्ही भर उन्हात सरळ तास काढून बांधावरून वळून बघता ना, तेच हे. अबोला सोडा आणि एकदा पडवीत जाऊन, काय करतोस रे, एवढे विचारा. उत्तर समजले नाही तरी चालेल.

सहा इंचांच्या दुर्बिणीतून शनीचे कडे दिसते, गुरूचे चार चंद्र दिसतात. ती पुरी झाली की पहिल्यांदा डोळा कुणी लावायचा, हेही आत्ताच ठरवून टाका. माझे मत विचाराल तर सासूबाईंनी. घाण्यातून तेल निघाले की नाही, ते त्याच सांगतील. आणि ताई, त्या काय म्हणाल्या, ते मला जरूर कळव.